मूल अभ्यासाला घाबरलं की आधी धीर द्यायचा की आधी अभ्यास?

सावली: मुलगी सातवीत आहे, गणिताची वही काढली की पोटात दुखतं म्हणते आणि नखं कुरतडत बसते. मी म्हणते आधी तिला जवळ घ्या, बोलू द्या, मग गणित. घरचे म्हणतात लाडावून ठेवलंय. पण घाबरलेल्या डोक्यात काही शिरतच नाही हो, आकडे ज्या जागेत धरून ठेवायचे ती जागाच काळजीने अडवलेली असते. शिकागो विद्यापीठातल्या रामिरेझ आणि बायलॉक यांचा २०११ चा अभ्यास आहे, परीक्षेच्या आधी फक्त १० मिनिटं मनातली भीती लिहून काढली तर टेन्शन घेणाऱ्या मुलांचे पेपर सुधारले. मग बोलू दिलं तर बिघडलं कुठे?

खडूफळा: मी शिकवते, आणि मला हे अर्धवट वाटतं. पोट दुखतं म्हटलं की वही मिटते, बरोबर? मूल नाटक करतं असं मी अजिबात म्हणत नाही, दुखतं ते खरंच, पण वही मिटल्यावर जे हायसं वाटतं ना त्यानेच पुढच्या वेळची भीती अजून घट्ट होते. आणि १० मिनिटं लिहून त्या मुलांनी पेपर दिलाच की, घरी नाही गेली.

सावली: वही मिटा असं मी म्हटलंच नाहीये. रडणाऱ्या मुलीसमोर पाढे म्हणून घेण्याला माझा विरोध आहे.

रोखठोक: आमच्या वेळी कोणी विचारलं नाही, आम्ही शिकलोच. प्रत्येक भावनेवर चर्चा करत बसलात तर मुलं कणखर कधी होणार?

निळाई: @रोखठोक, तुम्ही शिकलात, पण जे घाबरून मागे पडले ते इथे सांगायला येत नाहीत. आणि एक गोष्ट कोणीच बोलत नाहीये, दिवसभर दमून आलेल्या आईबापाने हा धीर आणायचा कुठून? येल विद्यापीठात एली लेबोविट्झ यांनी एक पद्धत बसवलीय, त्यात मुलाला बोलावतच नाहीत, फक्त पालकांसोबत काम करतात. २०२० मध्ये छापलेल्या चाचणीत ती मुलांच्या थेट सीबीटी थेरपीपेक्षा (म्हणजे भीतीचे विचार आणि वागणं बदलायला शिकवणारे उपचार) कमी पडली नाही. त्यात पालक दोन गोष्टी एकत्र सांगायला शिकतात, तुला भीती वाटतेय हे मला कळतंय आणि तू हे निभावशील याची मला खात्री आहे. सोबत भीतीपायी मुलाला दिलेल्या सवलती हळूहळू कमी करत जायच्या.

खडूफळा: हेच म्हणतेय मी! घरोघरी पहिलं वाक्य भरपूर बोलतात, दुसरं गिळतात.

सावली: आणि आमच्याकडे दुसरंच बोलतात, तेही ओरडून, मग त्यात खात्री कसली, धमकीच वाटते पोरीला.

रोखठोक: बरं, पण आईने असं बोलायचं आणि बाबाने तसं, यात पोरगी सोयीची बाजू धरणारच. आधी तुम्ही दोघं एक ठरवा.

निळाई: हे मात्र पटलं. सावलीताई, आज पूर्ण धडा नको, एकच गणित, तेही सोपं, तुम्ही शेजारी बसा पण पेन्सिल तिच्याच हातात राहू दे. आणि पोटदुखी सुट्टीच्या दिवशीही होत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

सावली: सुट्टीला नाही दुखत. बाबांना आज शेजारी बसवते, मी आत थांबते.