पाडलेले शब्द रुळवायचे कसे?

चादरवाला_सोलापूर:
नमस्कार मंडळी. नवी पेठेत चादरी-टॉवेलचं दुकान आहे माझं. एप्रिल-मे महिन्यात पारा ४३ वर गेला की दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. मग मी, आमचे हिशेबनीस आणि शेजारचे शिंपीमामा बिलबुकाच्या पाठकोऱ्या बाजूवर शब्द पाडत बसतो. लै वाईट नाद. मासला बघा:

उन्हाळस – उन्हाळा आणि आळस. गिऱ्हाईक दारात दिसतंय, पण तोंडातून 'या' निघत नाही, ती अवस्था.
चादरबाकी – पुण्याचे पाहुणे म्हणतात, "येताना दोन चादरी आण, पैसे देतो की." ते पैसे.
नळजागर – पाणी चार-पाच दिवसांआड, तेही अपरात्री. पिंप, घागरी, बादल्या मांडायच्या आणि नळ कधी फुसफुसतो म्हणून कान लावून बसायचं.

यातला नळजागर घरात रुळला. बायको बहिणीला फोनवर सरळ सांगते, "आज नाही जमायचं, नळजागर आहे." उन्हाळस मात्र आम्हा तिघांच्या पुढे सरकला नाही. शिंपीमामांनी 'बटणविरह' काढलेला, तो त्यांचा तेच विसरले. तर, एखादा शब्द चिकटतो आणि दुसरा गळतो, असं का? असला नाद असलेलं आणखी कुणी आहे का इथं?

टंकाळेश्वर:
आहे की! 'टंकाळा' कुणी काढला देव जाणे, पण टंकायचा कंटाळा आला की मराठी जालावर हाच शब्द. 'ढकलपत्र' (फॉरवर्ड केलेला मेल), 'कायप्पा' (व्हॉट्सअ‍ॅप) त्याच पंगतीतले. 'चेपु'ची, म्हणजे फेसबुकची, गंमत बघा, मूळ 'चेहरापुस्तक' बोलताना कुणाच्या तोंडी नाही, दोन अक्षरांचा तुकडाच चालला. तुमची चादरबाकी आमच्याकडेही आहे. पुण्यातूनच लिहितोय, त्यामुळे गप्प बसतो.

अनुस्वार:
टंकाळेश्वर, 'कंटाळा'तल्या क आणि टची फक्त अदलाबदल केली की 'टंकाळा'! नवं अक्षर एकही नाही, म्हणून पहिल्यांदा ऐकणाऱ्यालाही तो कळतो. उन्हाळसचा सांधाही चांगला आहे, 'आळ' दोन्हीकडे सामाईक. पण बोलून बघा: "मला उन्हाळस आलाय." ऐकणाऱ्याला 'उन्हाळ्यास' वाटतं आणि तो विचारतो, काय आलंय उन्हाळ्यास? तिथंच शब्द मेला.

मी शाळेत मराठी शिकवते. मुलांनी शब्द काढला की आधी त्याला विभक्ती लावायला सांगते. नळजागराला बसलो, नळजागरानं डोळे तांबारले, कुठं अडत नाही. शिवाय 'जागर' म्हटलं की संबळ, दिवट्या, रात्रभराचा गोंधळ, सगळं आपसूक येतं. बादल्यांच्या रांगेला एवढा थाट मिळाल्यावर कोण सोडेल तो शब्द?

नशीबही लागतंच म्हणा. इंग्रजी लेखक लुईस कॅरलनं १८७१ साली 'जॅबरवॉकी' या कवितेत 'चकल' (गालात हसणं) आणि 'स्नॉर्ट' (नाकानं फुरफुरणं) एकत्र करून 'चॉर्टल' केला, तो इंग्रजी कोशांत जाऊन बसला. त्याच कवितेतले बरेच शब्द मात्र कवितेबाहेर पडलेच नाहीत. बटणविरह मला आवडला, पण तो कवितेतच शोभेल. तुटलेल्या बटणासाठी एवढा सुस्कारा कोण टाकतं?

उगाच_एक:
सावरकरांचे 'दिनांक' आणि 'महापौर' रुळलेच की. गंमत म्हणून थोडेच काढले होते?

अनुस्वार:
त्यांना कचेऱ्या आणि छापखाने मिळाले हो. शिंपीमामांकडे एक बिलबुक आहे.

होटगीनाका:
आमच्या घरी कन्नड बोलतात. 'ऊट आयता?' म्हणजे जेवण झालं का. ऐन जेवणाच्या वेळी हटकून उगवणाऱ्या माणसाला आम्ही 'ऊटसूट' म्हणतो. मराठी मित्रांना वाटतं, यांना ठ म्हणता येत नाही. आम्हीही सांगत नाही. पाहुण्यासमोर बिनधास्त वापरता येतो, हा मोठा फायदा.

चादरवाला_सोलापूर:
अनुस्वारताई, उन्हाळस बाद. मामांना वाचून दाखवलं, तर म्हणाले, "मग उन्हसुस्ती कर बे, त्यात काय." तोही बाद. बटणविरहावरून मात्र ते तुमच्यावर रुसलेत.

होटगीनाका, ऊटसूट घेतला बरं का. हिशेबनिसांचा डबा उघडायला आणि पलीकडच्या घड्याळवाल्यांनी "काय चाललंय" म्हणत पायरी चढायला एकच गाठ. भाकरी घरून आणतात ते, पण शेंगाचटणी कायम आमची. आज त्यांच्या देखतच म्हणालो, "या, ऊटसूट येत जा." खूश झाले आणि चटणी ओढून घेतली.