चोरीची केस तडजोडीत मिटली, आता नोकरीच्या फॉर्मवर काय लिहायचं? आपल्याकडे रेकॉर्ड सील होतं का?

अर्धवट_वकील
नमस्कार मंडळी, जरा लांबड आहे, सहन करा. २०१८ ला मी १९ वर्षांचा होतो, कॉलेजच्या लायब्ररीत टेबलावर राहिलेला एकाचा मोबाईल उचलला आणि दोन दिवस तसाच ठेवला. का ते आजही धड सांगता येत नाही, देऊ देऊ म्हणत राहिलो. तोवर त्याने तक्रार केली, पोलीस आले, एक रात्र लॉकअपमध्ये, सकाळी कोर्टात जामीन. आयपीसी (जुनी भारतीय दंड संहिता) ३७९, म्हणजे चोरीचं कलम लागलं, चार्जशीटही झाली, मग २०२० ला त्या मुलाने कोर्टात तडजोड लिहून दिली आणि केस संपली. घरी हा विषय निघाला की अजूनही सगळे गप्प होतात.

आता सरकारी नोकरीत निवड झालीये आणि साक्षांकन नमुना (पूर्वचारित्र्याच्या पडताळणीचा फॉर्म) हातात आलाय. मित्र म्हणतो निर्दोष सुटलास ना, मग बिनधास्त 'नाही' लिही. अमेरिकेतला चुलतभाऊ म्हणतो तिकडे असलं रेकॉर्ड सील करून मिळतं, तूही अर्ज टाक. हे आपल्याकडे होतं का? आणि 'नाही' लिहिलं तर पकडलं जाईल का?

तारीख_पे_तारीख
मित्राचं ऐकू नकोस. मी वकिली करतो, पण इथे तुझे कागद बघितलेले नाहीत म्हणून सर्वसाधारण सांगतो.

पहिलं, सील. मोठ्या माणसांसाठी कोर्टात अर्ज करून गुन्ह्याचं रेकॉर्ड बंद करून घ्यायचा तसा कायदाच आपल्याकडे नाही. १८ च्या आतल्या मुलांसाठी आहे, २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम २४, त्यात ठपका पुढे आडवा येत नाही आणि अपिलाची मुदत संपल्यावर रेकॉर्डही नष्ट करायचं असतं (१६ च्या वरच्याला मोठ्या माणसासारखं चालवून दोषी धरलं तर नाही). तू १९ चा होतास, एका वर्षाने हुकलास.

दुसरं, तडजोड. साध्या चोरीत, म्हणजे ३७९ मध्ये, वस्तूचा मालक तडजोड करू शकतो आणि कायद्याने तिचा परिणाम निर्दोष मुक्ततेचाच असतो. म्हणजे तू दोषी ठरलेला नाहीस हे पक्कं. पण अटक झाली होती, खटला भरला होता, हे घडलेलंच आहे, ते पुसलं जात नाही.

मग फॉर्म. तो नीट वाच, एकेक शब्द. सहसा वेगवेगळे प्रश्न असतात: अटक झाली होती का, खटला भरला होता का, शिक्षा झाली होती का, सध्या केस चालू आहे का. तुझं उत्तर पहिल्या दोन्हींना हो आणि पुढच्या दोन्हींना नाही. लोक चारही प्रश्न एकच समजून सरसकट 'नाही' ठोकतात आणि तिथेच फसतात. सुप्रीम कोर्टाने २०१६ ला अवतार सिंग प्रकरणात यावर बरंच लिहिलंय. जे स्पष्ट विचारलंय ते सांगायलाच हवं, जे विचारलेलंच नाही ते लपवलं म्हणून दोष देता येत नाही. मात्र खरं सांगितलं तरी नोकरी देण्याची सक्ती नोकरी देणाऱ्यावर करता येत नाही, तो पूर्वीचं सगळं बघून ठरवू शकतो. चोरी नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात मोडते म्हणून जास्त जपून वाग.

डबल_चहा
अरे पण पाच हजाराच्या आतली चोरी आता गुन्हाच नाही ना, कम्युनिटी सर्व्हिस करायची की सुटलो, व्हॉट्सअॅपवर वाचलं

तारीख_पे_तारीख
गुन्हा आहेच, फक्त शिक्षा वेगळी. १ जुलै २०२४ पासून आयपीसीच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तिचं कलम ३०३(२). वस्तू पाच हजारांच्या आतली असेल, पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली तर समाजसेवेची शिक्षा. एरवी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि दुसऱ्यांदा दोषी ठरला तर किमान एक वर्ष, कमाल पाच वर्षं सक्तमजुरी. याची घटना २०१८ ची, तिला जुनाच कायदा लागू. व्हॉट्सअॅपवर कायदा शिकायचा असेल तर फी कमी लागते एवढंच.

परदेशी_पाहुणा
चुलतभाऊ अगदीच खोटं बोलत नाहीये. अमेरिकेत राज्याराज्यांचे नियम वेगळे आहेत, पेनसिल्व्हेनियाने २०१८ ला ठरावीक जुनी प्रकरणं आपोआप सील करायचा कायदा केला. पण सील म्हणजे सर्वसाधारण नोकरी देणाऱ्यापासून झाकणं, नष्ट करणं नव्हे. आणि इमिग्रेशन त्याला भीक घालत नाही. व्हिसाच्या फॉर्मवर सरळ विचारतात, माफी मिळाली असली तरी कधी अटक झाली होती का. माझ्या ओळखीतल्या एकाने तिकडच्या जुन्या शॉपलिफ्टिंगबद्दल 'सील झालंय' म्हणून नाही लिहिलं आणि मुलाखतीत त्याचीच फाईल समोर ठेवली. फोटोसकट.

शिक्का_मोर्तब
स्वतःवरून सांगते. माझ्या भावावर चोरीची केस होती, कोर्टाने दोषी धरलं पण पहिलाच गुन्हा म्हणून चांगल्या वर्तनाच्या बाँडवर सोडलं, १९५८ चा प्रोबेशनचा कायदा. त्यातलं कलम १२ म्हणतं की असं दोषी ठरल्यामुळे अपात्रता लागू होत नाही. आम्ही खूश, पण पडताळणीत पोलीस घरी आले, तेव्हा कळलं की अपात्रता न लागणं आणि प्रश्नाला 'नाही' म्हणणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याने आधीच हो लिहून सोबत आदेशाची नक्कल जोडली होती. सहा महिने फाईल फिरली, शेवटी रुजू झाला. नक्कल नसती तर त्याच प्रश्नावर अडली असती असं मला वाटतं.

बोटांचे ठसे, फोटो घेतले होते का? २०२२ च्या ओळख कायद्यात (आरोपींचे ठसे, फोटो घेण्याचा कायदा) अशा नोंदी ७५ वर्षं ठेवायची तरतूद आहे, पण आधी शिक्षा नसेल आणि निर्दोष सुटलास तर त्या नष्ट करायच्या असतात, कोर्टाने कारण लिहून वेगळं सांगितलं नाही तर. वकिलाला एकदा विचार.

अर्धवट_वकील
सगळ्यांचे आभार. आज कोर्टात नकलेसाठी अर्ज दिला, पुढच्या आठवड्यात मिळेल म्हणाले. आणि फॉर्म परत वाचला, खरंच चार रकाने आहेत, अटकेचा रकाना सगळ्यात वर, मी कसा बघितला नव्हता देव जाणे. खाली 'तपशील' म्हणून अर्ध्या ओळीची जागा दिलीये. त्यात केस नंबर, कलम, कोर्ट आणि तारीख कशी बसवायची? 'सोबत पुरवणी पान जोडले आहे' लिहिलं तर चालतं का?

तारीख_पे_तारीख
चालतं. पानावर सही कर आणि एक झेरॉक्स स्वतःकडे ठेव.