संक्रांतीच्या वाणासाठी क्रोशाचं शेकरू कीचेन विणतेय, सल्ला हवा

उन्हातली_चिमणी
विणकामातल्या जाणकारांनो, जरा इकडे लक्ष द्या.

आई क्रोशावर तोरणं, टीव्हीवरचे रुमाल, रुखवतातली कासवं असं काय काय विणायची. तिच्या शेजारी बसून साखळी, मुका खांब (बुटका टाका) आणि खांब (त्याहून उंच टाका) एवढं शिकले. त्या भांडवलावर यंदा जाहीर करून बसलेय की हळदीकुंकवाला प्लॅस्टिकचे डबे लुटणार नाही, हाताने विणलेलं शेकरू देणार, किल्लीला अडकवता येईल असं. माहेर घोडेगावचं. भीमाशंकरला जाता-येता झाडावर शेकरू दिसलं की अख्खी गाडी थांबायची, त्यामुळे दुसरा प्राणी डोक्यात आलाच नाही.

पहिला नमुना परवा झाला. घरातली अ‍ॅक्रिलिक लोकर, ४ मिमीचा हुक (लोकरीच्या कागदावर तोच लिहिलाय) आणि आत कापूस. तर बाईसाहेबांची अवस्था अशी: टाक्यांमधून पांढरा कापूस डोकावतोय. अंग एका बाजूला कललंय. कडीला लटकवलं की शेपटीच्या वजनाने तोंड आभाळाकडे. आणि दोन दिवस पर्सला लावलं तर आज कडी माझ्या हातात आणि शेकरू रिक्षात! रिक्षावाल्या दादांनी हाक मारून परत दिलं, म्हणाले, "ताई, तुमचा बटाटा राहिला."

२५ नग करायचेत, हातात पाच आठवडे आहेत. हुक कोणता, लोकर कोणती, कडी कशी लावू, सगळंच सांगा.

खटपट्या
बटाटा! दादांना दंडवत.

भोकांचं कारण हुक. कागदावरचं माप स्वेटर, शाल यांसाठी असतं. तिथे कापडाला सैलपणा आणि लोंबता सुळसुळीतपणा हवा असतो, खेळण्याला नेमकं उलटं हवं. त्यामुळे कागदावर जो आकडा असेल त्यापेक्षा एक ते दीड मिमी बारीक हुक घ्यायचा. तुमच्या लोकरीला २.५, फार तर ३. पहिले दोन दिवस बोटं कुरकुरतील. चार ओळी विणून झाल्या की तुकडा ताणून खिडकीसमोर धरा. उजेडाचे ठिपके दिसले तर अजून बारीक हुक.

कापूस मात्र काढा. ओल लागली की तो आत गोळा होऊन बसतो आणि लवकर वाळत नाही, कीचेन तर पावसात भिजणारच. उशीत भरतात तो फायबर घ्या. जुनी उशी उसवली तर २५ शेकरं सहज भरतील.

लोकरमावशी
चिमणे, एक विचारते. तुझ्या नमुन्याला बाहेरच्या अंगाला टाके कसे दिसतात? इंग्रजी व्ही ओळीने मांडल्यासारखे की मधे मधे आडव्या रेघा?

उन्हातली_चिमणी
थांबा, बघते.

मावशी, आडव्या रेघा! आत हुक घालून बघितलं तर व्ही आत आहेत. म्हणजे?

लोकरमावशी
म्हणजे तू उलटं शेकरू विणलंस. निम्म्या लोकांचं पहिलं खेळणं असंच असतं, माझा ससासुद्धा. सपाट रुमाल विणताना हे कळत नाही. गोल विणताना पाच-सहा ओळींनंतर तुकडा वाटीसारखा वळायला लागतो आणि उजव्या हाताने विणणाऱ्यांचा तो बहुतेक वेळा चुकीच्या बाजूला वळतो. त्याच वेळी वाटी पालथी करून घ्यायची, मोजा उलटा करतो तशी. मग हुक नेहमी आपल्याकडच्या कडेवर चालतो आणि व्ही बाहेर राहतात.

आणि कललेल्या अंगाचं काय, खुणेचा दोरा लावला होतास का?

उन्हातली_चिमणी
नाही, मनात मोजत होते. मधे कुकरच्या शिट्ट्यापण मोजत होते.

लोकरमावशी
झालं तर मग. 😄 या विणकामात ओळ जोडायची नसते, जिलबीसारखी गोल गोल चढत जाते, त्यामुळे ओळ कुठे सुरू झाली ते डोळ्यांना दिसत नाही. प्रत्येक ओळीच्या पहिल्या टाक्यात वेगळ्या रंगाचा दोरा आडवा टाक नाहीतर सेफ्टी पिन लाव आणि दर ओळीला पुढे सरकव. एक टाका चुकला की पुढची सगळी कमी-जास्त घसरते आणि एका बाजूला पोट सुटतं.

ओसाकाकर
मूळची सांगलीची, सध्या जपानात, म्हणून या धाग्यात नाक खुपसते. ही कला इथली, नाव अमिगुरुमी. अमि म्हणजे विणलेलं आणि गुरुमी आलं नुइगुरुमीवरून, म्हणजे आत भरून शिवलेलं खेळणं. शाळकरी पोरींपासून ऑफिसातल्या काकांपर्यंत सगळ्यांच्या बॅगेला काही ना काही लोंबत असतं.

चिमणीला उपयोगी गोष्ट ही की जपानी नमुने वाचायला जपानी यावं लागत नाही. सगळं चिन्हांत असतं. मुका खांब म्हणजे फुली किंवा अधिकचं चिन्ह, एका टाक्यात दोन घालायचे तिथे फाटा फुटलेली खूण, दोनाचा एक करायचा तिथे तोच फाटा उलटा. मधोमध गोल आणि त्याभोवती रांगोळीसारख्या ओळी. फक्त हुकाचे आकडे बघून दचकू नका. ४/० म्हणजे आपला २.५ मिमी, ५/० म्हणजे ३. इथे आकडा वाढला की हुक जाड होतो. लेसच्या पोलादी सुयांचं मात्र उलटं, आकडा मोठा तितकी सुई बारीक.

सातारी_सुई
आकड्यांवरून आठवलं. आईच्या किंवा मावशीच्या कपाटातली जुनी इंग्रजी पुस्तकं वापरणार असाल तर जपून. ब्रिटिश पुस्तकात डबल क्रोशे म्हणतात तो आपला मुका खांब, आणि अमेरिकन नमुन्यात डबल क्रोशे म्हणजे आपला पूर्ण खांब. मी एकदा हे न बघता हत्ती विणला, तो जिराफाएवढा उंच झाला. जाळीदार जिराफ.

लोकरमावशी
बरं, मी काल रात्री बसून शेकराचा अंदाज काढला. डोकं आणि अंग एकाच तुकड्यात, म्हणजे शिवणकाम कमी. सगळे मुके खांब, हुक २.५.

मॅजिक रिंगमध्ये (आवळून बंद करता येणारा दोऱ्याचा फास) ६ टाके. (जमत नसेल तर २ साखळ्या घालून हुकापासून दुसऱ्या साखळीत ६ टाके, भोक नंतर दोऱ्याने आवळ.) मग प्रत्येक टाक्यात दोन, झाले १२. मग एक साधा, एकात दोन असं करत १८. मग दोन साधे, एकात दोन, २४. आता तीन ओळी नुसत्या २४च्या. हे झालं डोकं. पुढे दोन साधे आणि दोनाचा एक, १८. एक साधा आणि दोनाचा एक, १२. ही मान. इथे थांबून डोळे बसव आणि डोक्यात फायबर भर. नंतर एक साधा, एकात दोन करत परत १८, चार ओळी तशाच, मग १२. अंग भर, मग दोनाचा एक करत ६, आणि दोरा आवळून बंद. एकंदर चार-साडेचार सेंटिमीटरचं होतं.

दोनाचा एक करताना टाक्याच्या दोन्ही पाकळ्या (व्हीच्या दोन बाजू) उचलू नकोस, दोन्ही टाक्यांची फक्त पुढची एकेक पाकळी उचल. मागची भोकं बुजतात आणि तो टाका शोधूनही सापडत नाही. नमुना नीटस दिसायला एवढी एकच युक्ती शिकलीस तरी पुरे.

रंग तांबूस तपकिरी, मरूनकडे झुकणारा. पोटाला क्रीम रंगाची छोटी चकती, ६ आणि १२ अशा दोनच ओळींची, वरून शिव. विणता विणता रंग बदलू नकोस, ओळ जिलबीची असल्यामुळे जोडावर पायरी दिसते. कान बारके, रिंगमध्ये ५ टाके घालून गोल न जोडता अर्धचंद्र ठेव.

आणि शेपूट! ती अंगापेक्षा लांब हवी, नाहीतर तो उंदीर. टोक क्रीम रंगाचं. ६ टाके, मग ९, ९च्याच दोन ओळी क्रीममध्ये, पुढे दहा ओळी मरूनमध्ये. शेपटीत पायरी दिसली तर चालते, झुपकेदार असतेच. आत काही भरू नकोस.

उन्हातली_चिमणी
मावशी, तुम्ही कुठे राहता? पाया पडायला येते.

खटपट्या
मावशींनी विणकाम सोडवलं, मी लटकवण्याचं बघतो. व्यवसायाने मेकॅनिकल, त्यामुळे हात शिवशिवत होते.

तोंड वर का जातं? लटकवलेल्या वस्तूचं सगळं वजन टांगलेल्या बिंदूच्या बरोबर खाली येऊ पाहतं. शेपूट मागे असल्याने वजन मागे सरकलंय आणि तुम्ही कडी टाळूच्या मध्यावर लावलीय. शेपूट खाली गेली म्हणून तोंड वर आलं. शेपूट रिकामी ठेवायची आणि ती पाठीला चिकटवून उभी शिवायची, टोक मानेपाशी. एवढ्यानेच निम्मा प्रश्न सुटतो. मग कडी लावण्याआधी डोक्याच्या मध्यापासून एक-दोन ओळी मागे टाचणी खोचा, टाचणीला दोरा बांधून लटकवून बघा. समोर बघेपर्यंत टाचणी सरकवा. जिथे जमेल तिथे कडी.

कडी निसटली कारण, पैज लावतो, तुम्ही एकेरी तारेची बारीक रिंग वापरलीत, ज्याची दोन टोकं नुसती एकमेकांना टेकलेली असतात. लोकर त्या फटीतून अलगद बाहेर येते. किल्ल्यांना असते तशी दुहेरी वेटोळ्याची कडी घ्या. आणि ती वरच्या एका टाक्यात अडकवू नका, रोजच्या ओढाताणीने तो टाका लांबून नाकाएवढा होतो. मजबूत सुती दोरा कडीतून घालून डोक्यातून थेट अंगाच्या बुडापर्यंत न्या, तिथे दोन टाके पकडून परत वर आणा, असं तीनदा. ओढ सगळ्या अंगावर वाटली जाते. बूड बंद करण्याआधी केलंत तर गाठ आतच लपते.

सातारी_सुई
डोळ्यांबद्दल कोणी बोललं नाही. प्लॅस्टिकचे सेफ्टी आईज ६ मिमीचे पुरतात, सहाव्या आणि सातव्या ओळीच्या मधे, पाच टाक्यांचं अंतर. मागची चकती एकदा दाबली की निघत नाही, म्हणून आधी नुसते खोचून चेहरा बघा. ज्या घरी तीन वर्षांच्या आतलं मूल आहे त्यांच्यासाठी मात्र काळ्या दोऱ्याचे डोळेच भरा. बायका वाण घरी नेतात आणि ते पहिल्यांदा तोंडात जातं नातवाच्या.

स्पष्टवक्ता_नागपूर
सगळं छान चाललंय, पण ताई, हिशोब केला का? एका शेकराला शेपूट, कान, पोट, शिवणकाम धरून अडीच तास. २५ म्हणजे साडेबासष्ट तास. पाच आठवडे रोज पावणेदोन तास, एकही सुट्टी नाही. त्यात घरचं तिळगूळ कोण करणार? माझं ऐका, नुसतं डोकं विणा. एक तासात एक.

लोकरमावशी
सवाष्णींना हळदीकुंकू लावून हातात मुंडकं द्यायचं? 😳

स्पष्टवक्ता_नागपूर
मावशी, तसं नाही म्हणायचं मला 🙏

ओसाकाकर
😂😂 पण त्यांचा हिशोब बरोबर आहे. एकेक शेकरू पूर्ण करत बसू नका. आधी २५ शेपट्या, मग २५ कानांच्या जोड्या. हाताला वळण लागलं की वेग वाढतो, आणि शेपट्या लोकलमध्ये, दवाखान्यात, कुठेही होतात. आणि हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं ना? अगदी १४ जानेवारीलाच कशाला?

उन्हातली_चिमणी
रथसप्तमी! हे सुचलंच नव्हतं. तारीख सरकवते.

लोकर कोणती ते राहिलं. तुळशीबागेत गेले तर दुकानदार मखमलीसारखी जाड लोकर पुढे करतोय, म्हणे सध्या हीच चालते.

सातारी_सुई
मखमली दिसायला गोड, पण पहिल्याच कामाला नको. टाके डोळ्यांना दिसत नाहीत, बोटांनी चाचपडत मोजावे लागतात, आणि उसवताना तंतू झडून दोरा टकला होतो. शिवाय जाड असल्याने शेकरू मुठीएवढं होईल. मिल्क कॉटन माग, नाव दुधाचं असलं तरी बहुतेक सूत आणि अ‍ॅक्रिलिकचं मिश्रण असतं. नुसत्या अ‍ॅक्रिलिकवर पर्समध्ये घासून गोळे येतात, याच्यावर कमी. माझं सशाचं कीचेन ९ ग्रॅम भरलं होतं, तुझं शेपटीसकट ११-१२ धर. मरून २५० ग्रॅम आणि क्रीम ५० ग्रॅम घे, आणि लोकरीचे सगळे गुंडे एकाच लॉट नंबरचे (एकाच वेळी रंगवलेले) आहेत ना ते कागदावर बघ. नाहीतर दहा शेकरं एका जंगलातली आणि पंधरा दुसऱ्या.

उन्हातली_चिमणी
आठ दिवसांनी परत आले.

२.५चा हुक, मिल्क कॉटन, उशीचा फायबर. दुसरं शेकरू पावणेतीन तासांत, चौथं दोन तास दहा मिनिटांत. व्ही बाहेर, भोकं नाहीत. कडी बुडापर्यंत नेली आणि लेकाला म्हटलं ओढ, त्याने जीव खाऊन ओढलं, हललीसुद्धा नाही. टाचणी मधल्यापासून दोन ओळी मागे गेली तेव्हा ते समोर बघायला लागलं.

काल पर्सला लावून भाजी आणायला गेले. भाजीवाल्या मावशींनी विचारलं, "खार का गं?" म्हटलं, शेकरू. त्या म्हणाल्या, "मग शेपटी अजून लांब हवी की."

लोकरमावशी, १० ऐवजी १३ ओळी करू का? १४ शेपट्या विणून झाल्यात. 😭

लोकरमावशी
त्या चौदा राहू दे, ती पिल्लं. उरलेल्या ११ ला १३ ओळी कर.