मदत हवी आहे: करवंटीच्या कोळशाने रिॲक्टिव्ह रंग उतरत नाही

नारळाच्या करवंट्यांचा चुरा फॉस्फोरिक आम्लात रात्रभर भिजवून, झाकणाच्या क्रुसिबलमध्ये 500 अंशांवर तासभर तापवला आणि सामू 7 होईपर्यंत धुतला. मिथिलीन ब्लू (चाचणीसाठी वापरतात तो धनभारित निळा रंग) छान शोषला जातो. पण खरं सांडपाणी सूत रंगवणाऱ्या छोट्या कारखान्याचं: रिॲक्टिव्ह (धाग्याशी रासायनिक बंध जोडणारा) लाल रंग, भरपूर मीठ, सोडा, सामू 10.5. त्यात लिटरला 5 ग्रॅम कोळसा घालून दोन तास ढवळलं, तरी लाली तशीच. मात्रा दुप्पट केली, चुरा बारीक केला, फरक नाही.

रंगही ऋणभारित आणि एवढ्या सामूला कोळशाचा पृष्ठभागही ऋण, म्हणून हे होत असावं. नायट्रोजनची भट्टी नाही, साधी मफल (आत हवा असणारी बंद भट्टी) आहे. पाणी शेवटी ओढ्यात जातं, म्हणून आम्ल ओतून पाण्यातले विरघळलेले क्षार (मीठ) वाढवायला मन धजत नाही. सामू किती खाली आणावाच लागेल, की कोळशावरच काही प्रक्रिया करता येईल?