रिकामी पिकअप फार आपटते, मागचे दोन पाटे काढावेत का?

पंगत_इंदूर:
नमस्कार मंडळी, आमचं केटरिंगचं काम आहे, घर लोकमान्य नगरात. दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड पिकअप घेतली, मागे पाटे (म्हणजे कमानीच्या एकावर एक लोखंडी पट्ट्या), दीड टनाच्या आसपास पासिंग. लग्नाचं सामान भरलेलं असतं, म्हणजे भगोणी, भट्ट्या, सिलिंडर, राशन, तेव्हा गाडी छान चालते. पण पहाटे चोइथराम मंडीत भाजी आणायला रिकामी जाते ना तेव्हा प्रत्येक स्पीडब्रेकरला मागचा भाग उडतो आणि धाडकन बसतो. बाबा ६६ वर्षांचे आहेत, भाजी स्वतः निवडल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही त्यामुळे ते रोज सोबत असतात, आणि मंडीपर्यंत पूर्ण वेळ डॅशबोर्ड धरून बसतात, कंबरेचं दुखणं आहे त्यांना, बघवत नाही मला. मेकॅनिक म्हणतो खालचे दोन जाड पाटे काढून टाकू, गाडी कारसारखी होईल. करू का? आणि खर्च फार न करता दुसरं काही होण्यासारखं आहे का?

मालवा_लोडिंग:
भिया काढून टाका, मी एका गाडीचा एक काढला होता, काही झालं नाही. आणि पाट्यांवर जळकं ऑइल मारायचं दर महिन्याला, आवाज पण जातो.

कमानीवाले_काका:
पंगत भाऊ, थांबा, अजिबात काढू नका. देवास नाक्याकडे बरीच वर्षं पाट्यांचंच काम केलंय म्हणून सांगतो. आधी एक करा, गाडी रिकामी असताना सपाट जागी लावा आणि बॅटरी घेऊन खाली वाका. सगळ्यात खालचे जे जाड, सरळसर पाटे आहेत ते बऱ्याच गाड्यांत हेल्पर असतात, रिकाम्या गाडीत त्यांची टोकं वरच्या पाट्याला टेकलेलीच नसतात, मध्ये फट दिसते. वजन पडलं, वरचे पाटे दबले की मगच ते कामाला लागतात. आता तुम्हीच विचार करा, जो पाटा रिकाम्यात काम करतच नाही तो काढून रिकामी गाडी मऊ कशी होणार? बाबांची कंबर तशीच राहील, आणि भरलेली गाडी घेऊन भेरू घाट उतरताना वरच्या पाट्यांवर नको इतका भार येईल, मेन पाटा तुटला तर एक्सल जागचा सरकतो. शिवाय मागच्या एक्सलजवळ ब्रेकचा एक व्हॉल्व्ह असतो काही पिकअपमध्ये, एका दांड्याने जोडलेला, गाडी किती दबली आहे ते बघून मागच्या ब्रेकला किती जोर द्यायचा ते तो ठरवतो. पाटे काढले, गाडीची उंची बदलली की त्याचा हिशोब बिघडतो. मालवा भाऊंचं नशीब चांगलं म्हणायचं, पण लग्नाच्या सामानासोबत तुमची चार पोरं पण बसलेली असतात.

रिकामी का आपटते तर पाटे टनभर वजनासाठी बनवलेले, वर वजनच नाही म्हणून खड्ड्यात पाटा दबत नाही, अख्खा डाला, म्हणजे मागचा सामानाचा भाग, उचलला जातो. हे पूर्ण कधी जात नाही. पण बऱ्याच वेळा निम्मा त्रास टायरमधल्या हवेचा असतो. प्रेशर किती ठेवता?

जळकं ऑइल मारू नका. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ त्यावर बसते आणि घासपेपरसारखी पाटे खाते, रबरी बुश फुगतात, ड्रममध्ये गेलं तर ब्रेक पण जातो.

पंगत_इंदूर:
काका, खरंच फट आहे, बोट जाईल इतकी! प्रेशर पंक्चरवाला चारही चाकांत ६५ भरतो, लोडिंग गाडी आहे म्हणून.

कमानीवाले_काका:
मग तिथूनच सुरुवात करा. ड्रायव्हरच्या दारापाशी स्टिकर असतो, पुढचं वेगळं, मागचं वेगळं, काहींवर रिकाम्याचं आणि भरलेल्याचं पण वेगळं लिहिलेलं असतं. सकाळी टायर थंड असताना मोजा, चालून गरम झालेल्या टायरमध्ये आकडा वाढलेलाच दिसणार. आणि लग्नाचं सामान भरलं की मागची हवा वाढवायची, हे विसरलात तर टायर तापून फुटेल. एकदा सामानासकट धर्मकाट्यावर (गाडी तोलायच्या काट्यावर) पण चढवा, खरं वजन कळलं तर सगळे निर्णय सोपे होतात.

त्यानंतर पाट्यांच्या टोकांना नायलॉनचे पॅड असतात ते आहेत का बघा, झिजले की लोखंडावर लोखंड घासतं आणि पाटा मोकळा सरकत नाही. मागच्या झुल्याच्या (पाट्याचं मागचं टोक ज्याला लटकतं त्याच्या) पिनला ग्रीस निपल असेल तर ग्रीस मारा. शॉकप (गाडीचे हेलकावे थांबवणारा नळा) हाताने डाला दाबून नाही कळत, पिकअपचा पाटा माणसाच्या वजनाने हलत नाही, खालचा बोल्ट सोडून हाताने ओढून-दाबून बघायचा, तेल गळत असेल तर दोन्ही बाजूंचे एकदम बदलायचे. बुश बदलले तर बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचा आवळायला सांगा. जॅकवर लटकत असताना आवळला की गाडी खाली ठेवताच रबर पिळलं जातं आणि लवकर फाटतं. हे मी पोरांना ओरडून ओरडून सांगायचो.

रोपवाटिका_मऊ_माती:
माझी नर्सरी आहे सिमरोल रोडला, कुंड्या फुटायच्या म्हणून मी एकदा कारचे मऊ टायर घालायला निघाले होते, दुकानदारानेच थांबवलं. टायरवर लोड इंडेक्स असतो, ९१ म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त ६१५ किलो, तो आमच्या भरलेल्या गाडीला पुरलाच नसता. पाट्यांजवळ बसवायच्या हवेच्या फुग्यांचं, म्हणजे एअर बॅगचं पण विचारलं होतं, त्या भरलेली गाडी मागून बसू नये म्हणून असतात, रिकामीला मऊ करत नाहीत. मला खरा फरक पडला सामानाच्या जागेने. दादा, तुमच्या भट्ट्या तशा पण गाडीतच राहत असतील तर त्या पार मागे फाळक्याला न ठेवता एक्सलच्या थोड्या पुढे ठेवा आणि पट्ट्याने घट्ट बांधा. वाळूच्या गोण्या टाकू नका, उगाच डिझेल जातं. आणि बाबांच्या सीटचा फोम दाबून बघा, खालची पत्री लागते का? आमच्याकडे लागत होती, नवीन फोम टाकून घेतला.

पंगत_इंदूर:
आठ दिवसांनी लिहितोय, सगळ्यांचे मनापासून आभार. स्टिकरप्रमाणे पुढे बरीच कमी हवा निघाली आणि मागे पण रिकाम्यासाठी कमी, फक्त तेवढ्यानेच पहिल्या दिवशी फरक कळला, स्टेअरिंगची थरथर पण गेली. पॅड तीन गायब होते, डावा शॉकप गळत होता, जोडी बदलली. भट्ट्या पुढे घेऊन बांधल्या. पाटे जसेच्या तसे आहेत. स्पीडब्रेकरला अजून उडते पण ते धाडकन बसणं नाही राहिलं, आणि काल मंडीला जाताना बाबा मांडीवर यादी ठेवून पेनाने टिकमार्क करत होते. ताई, सीटच्या फोमखाली खरंच पत्री लागतेय, उद्या सीटवाल्याकडे जातोय. काका, पॅड बदलताना पाटे एक्सलला आवळून धरणारे यू बोल्ट सोडले होते, ते परत कधी आवळायचे?

कमानीवाले_काका:
नवीन टाकलेत ना? जुने परत लावू नयेत, ताणलेले असतात. ५०० किलोमीटरच्या आत एकदा आवळून घ्या, गाडी चाकांवर उभी ठेवून, चारही नट तिरपे तिरपे थोडे थोडे. बाबांना नमस्कार सांगा.