घरच्या घरी गाडी रंगवायचीय, कॉम्प्रेसर आणि गन कोणती घेऊ?

चिपळूणचा_भाचा

नमस्कार मंडळी. बाबांची 99 ची मारुती 800 आहे, पांढरी, चिपळूणला घरामागे शेडमध्ये उभी असते. इंजिन एकदम ठणठणीत पण रंगाची पार वाट लागलीय, टपावरून हात फिरवला की खडूसारखी पांढरी भुकटी हाताला लागते, डाव्या दाराच्या खालच्या कडेला आणि मागच्या चाकाच्या वर गंज धरलाय. गॅरेजवाल्याने फुल बॉडीचे 35 हजार सांगितले. बाबा म्हणाले तेवढ्यात दुसरी 800 येईल, आणि खरंच येईल.

म्हणून म्हटलं आपणच करू, हौस पण आहे आणि आता बाबांना दाखवून द्यायचं पण आहे. बजेट 20 हजारापर्यंत, त्यात सामान पण आलं पाहिजे आणि रंग पण. शेजारचे काका त्यांचा 1 एचपीचा 24 लिटर टाकीवाला कॉम्प्रेसर स्वस्तात देतायत, तो घेऊ का? गन ऑनलाइन एचव्हीएलपी (म्हणजे जास्त हवा, कमी दाबवाली) बघून ठेवलीय, 1.4 मिमी नोझल. रंग एनसी (थिनर उडून सुकणारा) मारू की पीयू (हार्डनर म्हणजे रंग घट्ट करणारं रसायन मिसळायचा)? व्हिडिओ बघून बघून डोकं आउट झालंय, प्रत्येक जण वेगळंच सांगतो. याआधी फक्त घराचं गेट रंगवलंय, ते पण ब्रशने.

पत्रा_आणि_लांबी

भावा मी कोल्हापूरचा, आमचं डेंटिंग पेंटिंगचंच काम आहे, वडिलांपासून. तुझा प्रश्न वाचून आधी हसलो मग म्हटलं सांगूया नीट.

काकांचा कॉम्प्रेसर घेऊ नको, टायरमध्ये हवा भरायला ठीक आहे तो. एचव्हीएलपी गन हवा लई खाते, साधारण 9 ते 14 सीएफएम (मिनिटाला इतके घनफूट) लागते तिला, आणि 2 एचपीचा कॉम्प्रेसर सुद्धा सलग धरलं तर 6-7 च्या आसपास देतो, मग 1 एचपीचा काय देणार. होतं काय, पहिला हात झकास बसतो आणि बॉनेटच्या मध्यावर आलास की हवा पडते, रंग फुटून न येता ठिपके ठिपके येतात. थांबून टाकी भरेपर्यंत कड सुकलेली असते. तुझ्या बजेटमध्ये 2 एचपी, 50 लिटरची टाकी बघ, सेकंडहँड चालेल पण टाकीचा खालचा नट खोलून पाणी काढून बघ, लालभडक गंजाचं पाणी भरपूर आलं तर सोडून दे. आणि गन एचव्हीएलपी न घेता एलव्हीएलपी (कमी हवा, कमी दाबवाली) घे, तिला निम्म्या हवेत भागतं, काम थोडं सावकाश होतं एवढंच, तुला कुठं दिवसाला 4 गाड्या काढायच्यात. नोझल 1.3 किंवा 1.4 रंगाला बरोबर आहे पण त्याच गनने सरफेसर (रंगाच्या खालचा अस्तराचा थर) मारू नको, तो जाड असतो, त्याला 1.7-1.8 लागतं. सरफेसरसाठी एक स्वस्तातली दुसरी गन ठेव, ती खराब झाली तरी जीव तुटत नाही.

पाइप बारीक घेऊ नको, आतून 3/8 चा घे, पाव इंचीमध्ये प्रेशर वाटेतच मरतं. प्रेशरचा काटा गनच्या बुडाशी लाव आणि ट्रिगर दाबून धरून सेट कर, गनवर जेवढं लिहिलंय तेवढं, बहुतेक 2 बारच्या आसपास असतं. ट्रिगर न दाबता बघितलंस तर काटा खोटं बोलतो.

वॉटर ट्रॅप, म्हणजे हवेतलं पाणी अडवणारा फिल्टर, सगळे कॉम्प्रेसरलाच चिकटवतात, तिथं हवा गरम असते, पाणी वाफ होऊन पुढं निघून जातं. मध्ये 6-7 मीटर पाइप जाऊ दे, हवा थंड झाली की मग ट्रॅप. कोकणात तर हे पाहिजेच.

रंगाचं म्हणशील तर जुन्या रंगावर आधी कोणी इनॅमल मारलेलं असलं तर एनसीच्या थिनरने ते उठतं, सुरकुत्या पडतात कढईतल्या दुधावरच्या सायीसारख्या. एका कोपऱ्यात थिनरचा बोळा ठेवून बघ. पांढऱ्यासाठी मी म्हणेन हार्डनरवाला पीयू, सिंगल स्टेज, वर क्लिअर म्हणजे पारदर्शक थर मारायची गरज नाही. मारुतीचा पांढरा म्हणजे बहुतेक सुपिरिअर व्हाइट, कोड 26यू, बॉनेट उघडून प्लेटवर बघून घे आणि दुकानात कोड सांग. सिल्व्हर असती तर तुला नकोच म्हटलं असतं, मेटॅलिकमध्ये नवख्या माणसाच्या हाताचे पट्टे उन्हात लगेच दिसतात. आणि रंग बदलायच्या भानगडीत पडू नको, आरसीवर नोंद करायला आरटीओला जावं लागतं.

आता खरं सांगू का, गन राहू दे बाजूला, आधी भंगारवाल्याकडं जा आणि कुठल्याही गाडीचं एक जुनं दार किलोवर घेऊन ये. घासायचं, लांबी (खड्डे भरायची पुट्टी) भरायची, सरफेसर, रंग, सगळं त्याच्यावर. परत घासून परत रंग. 3-4 वेळा झालं की मग गाडीला हात लाव.

पंचवटी_एक्सप्रेस

वरच्या दादांनी सांगितलंय ते सोनं आहे. मी नाशिकला 2 वर्षांपूर्वी ओम्नी केली घरी, धंद्यातला माणूस नाही, चुका तेवढ्या सांगतो.

पहिली चूक, ऑगस्टमध्ये सुरू केलं. पाऊस नव्हता पण हवा ओली. एनसी मारला आणि 10 मिनिटांत निळ्या दारावर बुरशी आल्यासारखा पांढरट पडदा आला, मला वाटलं डबाच खराब. थिनर पटकन उडतं तेव्हा पत्रा गार पडतो आणि हवेतलं पाणी रंगावर बसतं, असं नंतर कळलं. चिपळूणला तर दिवाळी होईपर्यंत गनला हातच लावू नकोस. तोवर घासत बस, घासायलाच महिना जातो.

दुसरी चूक, टायरला चमकायला जे सिलिकॉनचं पॉलिश लावतात ते मी आदल्या आठवड्यात लावलं होतं. रंग मारला आणि मडगार्डवर गोल गोल खड्डे, वाटाण्याएवढे, मधे रंग थांबतच नाही, चहूकडे पळतो. पुसून परत मारला, परत तेच. शेवटी सगळं उतरवलं, दुकानातून वॅक्स-ग्रीस काढायचं लिक्विड आणलं, एका फडक्याने लावायचं आणि ते सुकायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने उचलायचं. एकाच फडक्याने केलं तर आपण तेल नुसतं पसरवत बसतो.

तिसरी शेजाऱ्यांची. रंगाची धूळ किती लांब जाते याचा अंदाजच येत नाही. आमच्या शेजारच्या वहिनींची पांढरी स्कूटर 2 गाळे सोडून उभी होती, तिच्यावर निळे कण. क्ले बारने (कण ओढून काढणारी मातीसारखी वडी) घासून काढून दिले, अडीच तास, आणि वर बोलणी खाल्ली ती वेगळी. शेडला चारी बाजूंनी प्लास्टिक लाव आणि जमिनीवर पाणी मार, धूळ खाली बसते. संध्याकाळी दिवा लावून मारू नकोस, ओल्या रंगात चिलटं येऊन बसतात. माझ्या ओम्नीच्या डिकीवर एक अजून आहे, पाय पसरून.

हार्डनर_म्हणजे_विष

वर सगळ्यांनी पीयू मार म्हणून सांगितलं पण मास्कबद्दल कोणी अक्षर काढलं नाही म्हणून लिहितेय. मी रंगाच्या कंपनीत लॅबमध्ये होते.

पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याचा वास येईपर्यंत मर्यादेपेक्षा जास्त आत गेलेलं असतं, त्यामुळे वास येत नाही म्हणजे ठीक आहे असं अजिबात नाही. एकदा का शरीराने त्याचा धसका घेतला की पुढे थोडंसं नाकात गेलं तरी दमा उठतो, कायमचा. रुमाल, कोरोनातला कापडी मास्क, एन-95 यातलं काहीही चालत नाही. बाहेरून ताजी हवा नळीने आणणारा मास्क असतो, स्प्रेसाठी तोच योग्य. ऑर्गॅनिक व्हेपरचे कार्ट्रिजवाले येतात ते थिनरला ठीक आहेत, पण आयसोसायनेट त्यातून कधी यायला लागलं ते तुला कळणार नाही. डोळे, हात, मान सगळं झाकायचं, ते कातडीतून पण त्रास देतं. घरात कोणाला दमा असेल तर पीयूचं काम सरळ बाहेर दे आणि तू फक्त घासायचं कर, निम्मे पैसे तिथेच वाचतात.

आणि शेडच्या भिंतीला लागून बाथरूममध्ये गॅस गीझर आहे का बघ, त्याच्या ज्योतीने थिनरची वाफ पेटू शकते. साधा एक्झॉस्ट फॅन लावून थिनरची वाफ बाहेर काढू नकोस, त्याच्या मोटरची ठिणगी पुरते.

चिपळूणचा_भाचा

बापरे. एवढं कोणी लिहील वाटलं नव्हतं, सगळ्यांना मनापासून धन्यवाद. गीझर आहे ताई, भिंतीला लागूनच. बाबांना सांगितलं तर म्हणाले बघ मी म्हणत होतो. आता कॉम्प्रेसर पुढच्या अंगणात ठेवून प्लास्टिकचा तंबू तिकडेच करायचं ठरलंय, गीझरपासून लांब.

रंगाचं, सध्या सराव एनसीवर करतो, पीयूचं शेवटी बघू. फक्त पांढऱ्याचं काम असलं तर गॅरेजवालाच घासलेल्या गाडीवर नुसता रंग मारून किती घेईल तेही विचारून ठेवतो.

दादा अजून एक, गंज घासून काढला तर मागच्या चाकाच्या कमानीत पेन्सिल जाईल एवढं भोक निघालं. लांबीने बुजवू?

पत्रा_आणि_लांबी

नाही नाही नाही. भोकावर लांबी म्हणजे एक पावसाळा, मग बशीसारखा तुकडा हातात येतो. आतून ओल येतच राहते ना. पत्र्याचा तुकडा वेल्डिंग करून घे, मग वर पातळ लांबी. लांबीचा हार्डनर 100 ग्रॅमला 2 ग्रॅमच, लवकर सुकावं म्हणून जास्त घातलास तर वरच्या रंगात डाग उठतो. आणि घासताना हातात ठोकळा धर, नुसत्या बोटांनी घासलंस तर बोटांच्या रेघा रंगानंतर दिसतात. 80 नंबरच्या पॉलिश पेपरने सुरू, मग 180, 320, सरफेसरवर 600 पाण्यात.

ताईंचं बरोबर आहे. आमच्यात जुने पेंटर पन्नाशीतच धापा टाकतात, आम्हाला वाटायचं तंबाखूमुळं.

चिपळूणचा_भाचा

दिवाळी झाली, परत आलो. दार आणलं भंगारातून, कुठल्याशा इंडिकाचं. आज तिसऱ्यांदा मारला. मधला भाग बरा आलाय, ट्यूबलाइट दिसते त्यात, थोडी वेडीवाकडी. पण दोन्ही कडांना ओघळ आलेत, मेणबत्तीसारखे. रंग पातळ झाला का?

पत्रा_आणि_लांबी

मध्ये ओघळ नाहीत ना? मग रंग बरोबर आहे, हात चुकतोय. कडेला पोचलास की ट्रिगर न सोडता तिथंच हात वळवतोयस, म्हणून कडेला डबल बसतो. दाराच्या बाहेर असतानाच ट्रिगर दाबायचा आणि पलीकडं बाहेर गेल्यावरच सोडायचा, मग हात परत. आणि मनगट फिरवू नको, खांद्यापासून सरळ चाल, वीतभर अंतर ठेवून, निम्मा हात आधीच्या पट्ट्यावर.

ओघळ आता पुसू नको, सुकू दे 2 दिवस, मग 1000 ने घास. आणि दार उलटं करून आतल्या बाजूला मार एकदा, तिथं वळणं आहेत, खरी शिकवणी तिथंच होते.