बिल्टीवर ‘डाग १४’ म्हणजे काय?

प्रश्न (किराणा, सातारा): कोल्हापूरहून गूळ मागवलाय. बिल्टीवर, म्हणजे वाहतूकदाराच्या पावतीवर, ‘डाग १४, वजन ४२० किलो’ असं लिहिलंय. माल कोरडा दिसतोय, कुठे फाटलेला नाही. मग डाग कसला? दुकान नुकतंच हाती घेतलंय, हुंडेकऱ्याचा (वाहतूकदाराचा) माणूस सहीसाठी उभा आहे.

गुलटेकडीचा (पुणे मार्केट यार्ड) गाळेवाला: डाग म्हणजे नग हो. पोतं, पेटी, करंडी, गुळाचा रवा (म्हणजे ढेप), काहीही असो. उचलून गाडीत चढवायची एक वस्तू म्हणजे एक डाग. आत काय आहे, किती जड आहे, याच्याशी संबंध नाही. वजन म्हणूनच वेगळं लिहितात. तुमचे ३० किलोचे १४ रवे, हिशेब बरोबर बसतो. यार्डात गाडी लागली की हमाल आधी विचारतो, “किती डाग?” मालाचं नाव नंतर. बऱ्याच मालाची हमालीसुद्धा डागावरच ठरते.

पण सही मोजल्याशिवाय करू नका, हे कळकळीने सांगतोय. कमी भरले तर बिल्टीवरच ‘एक डाग कमी’ लिहा, ड्रायव्हरची सही घ्या, मग तुमची करा. २००७ च्या रस्ते मालवाहतूक कायद्याप्रमाणे बिल्टीवरचा नगांचा आकडा प्रथमदर्शनी पुरावा धरला जातो. माल हरवला तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत वाहतूकदाराला लेखी नोटीस द्यावी लागते. कोरी सही करून मोकळं झालेल्या माणसाला भांडायला जागाच उरत नाही.

चिपळूणकर: आमची आजी एसटीत बसायच्या आधी सांगायची, “डाग मोजा रे!” ट्रंक, वळकटी, आंब्याची पेटी, सगळे डागच. सोन्याच्या दागिन्यालाही डागच म्हणायची.

प्रश्नकर्ता: मोजले, १३ भरले. गाडीत पुन्हा बघायला लावलं, तर एक रवा पुढच्या दुकानाच्या पोत्यांमागे निघाला. आता १४ पूर्ण. सही केली.

गुलटेकडीचा गाळेवाला: छान केलंत. पुढच्या वेळी व्यापाऱ्याला सांगून प्रत्येक डागावर तुमचा मार्का घालून घ्या. एका गाडीत चार दुकानांचा गूळ असतो, आणि बिनमार्क्याचा रवा कुणाचा हे ड्रायव्हरलाही सांगता येत नाही. बिल्टीची तुमची प्रत फाईलला लावून ठेवा.